मासळीच्या प्रयोगशाळेतील जिवंत जिवाणू: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सध्या कोकण किनाऱ्यावरच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: मासळीची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांत जीवघेणे जंतू मुद्दाम जिवंत ठेवले जातात, एखादी नळी फुटली तर ते हवेतून गावभर पसरतील, अमेरिकेत असे घडून शंभराहून अधिक माणसे आजारी पडली, आता सगळी तपासणी यंत्राने होत असल्यामुळे जंतू वाढवण्याची गरजच उरलेली नाही, ‘दुबळे केलेले जंतू वापरतो’ हे सांगणे म्हणजे धूळफेक, कारण जनुके बदललेला जंतू अधिकच घातक असतो, आणि हे सारे सांडपाणी शेवटी खाडीतच जाते. म्हणून अशा प्रयोगशाळा किनाऱ्यावरून हटवाव्यात, अशी त्यात मागणी आहे.

या मजकुरात खऱ्याखोट्याची सरमिसळ आहे, त्यामुळे एका वाक्यात तो खोडून काढणे योग्य होणार नाही. जी मुले-मुली मत्स्य महाविद्यालयांत शिकतात किंवा निर्यात कारखान्यांच्या तपासणी कक्षांत रोज काम करतात, त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे आणि तो या गदारोळात मागे पडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हवेचा मुद्दा फार वेळ घेणारा नाही. सॅल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय ओ१५७:एच७, व्हिब्रिओ हे अन्नातून बाधणारे जिवाणू आहेत. ते मुख्यतः तोंडावाटे पोटात गेल्यावर आजार करतात आणि वाऱ्यावर गावभर पसरून साथ आणत नाहीत. जैवसुरक्षेच्या चार पातळ्यांपैकी (पहिली सर्वांत कमी धोक्याची, चौथी सर्वाधिक) दुसऱ्या पातळीवर त्यांचे नेहमीचे काम चालते. नळी ढवळताना उडणारे सूक्ष्म तुषार त्या खोलीतल्या माणसाला बाधू शकतात, म्हणून असे काम गाळणी बसवलेल्या जैवसुरक्षा कपाटात करावयाचे असते. शिवाय व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा मुळात समुद्राच्या आणि खाडीच्या कोमट, खाऱ्या पाण्यातला रहिवासी आहे. कालवे, तिसऱ्या आणि कोळंबी यांच्यावर तो असतोच. १९५० साली जपानमधील ओसाका येथे अर्धवट सुकवलेली लहान तारली खाऊन २७२ माणसे आजारी पडली आणि २० दगावली, तेव्हा त्याची पहिल्यांदा ओळख पटली. खाडीतल्या त्याच्या बहुतेक वाणांत, म्हणजे उपप्रकारांत, माणसाला बाधणारे विष तयार करणारे जनुक नसते, थोड्यांत असते. १९९६ साली कोलकात्यात आढळलेला ओ३:के६ हा वाण पुढे अनेक देशांत पसरला. निरुपद्रवी कोणता आणि घातक कोणता हे प्रयोगशाळेतच कळते. ती हटवली म्हणून खाडीतला व्हिब्रिओ कमी होत नाही.

अमेरिकेचा दाखला मात्र खरा आहे आणि तो कोणी नाकारू नये. २०१०-११ मध्ये तेथील ३८ राज्यांत १०९ जणांना सॅल्मोनेला टायफिम्युरियमच्या एकाच वाणाची बाधा झाली आणि एकाचा मृत्यूही झाला. हा वाण शिकवण्यासाठी व तपासणीसाठी प्रयोगशाळांना विकत मिळत असे. असेच प्रकार २०१४ आणि २०१७ मध्ये पुन्हा नोंदवले गेले. परंतु संदेशात जे गाळले आहे तेच यातले महत्त्वाचे आहे: आजारी पडलेल्यांत सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतले विद्यार्थी आणि कर्मचारी होते, तसेच अशा कर्मचाऱ्यांच्या घरातली लहान मुलेही होती. जिवाणू घरी पोहोचण्याची वाट हातांची आणि हातांनी हाताळलेल्या वस्तूंची होती; कामाच्या टेबलावर ठेवलेला पेन, वही, फोन, बॅग किंवा न काढता घरी नेलेला कोट यांची. रॉबर्ट पाइक यांनी १९७६ साली प्रयोगशाळांतील सुमारे ३,९०० संसर्गांचा जो आढावा घेतला, त्यात जेमतेम पाचांतल्या एकाच्या मागे नळी फुटणे किंवा सुई टोचणे असा ठाऊक असलेला अपघात होता. बाकीच्यांत ‘काही घडले’ असे कोणाला जाणवलेही नव्हते. म्हणजे या कामातली जोखीम सर्वांत आधी टेबलाशी बसलेल्या मुलीला आणि तिच्या घरातल्या तान्ह्या मुलाला आहे. संदेश लिहिणाऱ्याला गाव दिसले, ती मुलगी दिसली नाही.

त्या घटनांनंतर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ज्या सूचना दिल्या, त्यांत हात धुणे, कोट आत ठेवणे आणि लेखनाचे साहित्य वेगळे ठेवणे यांच्याबरोबर एक सूचना अशी होती की, विशेषतः शिकवण्याच्या प्रयोगशाळांत शक्य तेथे रोग न करणारे किंवा दुबळे केलेले वाणच वापरावेत. संदेशात ज्याला धूळफेक म्हटले आहे, ते हेच.

‘दुबळा केलेला’ याचा अर्थ नेमका काय, हे पाहू. १९७५ साली अमेरिकेतील असिलोमार येथे झालेल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेत जनुकीय प्रयोगांच्या धोक्यावर चर्चा झाली. त्यानंतर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉय कर्टिस यांनी ई. कोलायचा असा एक वाण तयार केला की, प्रयोगशाळेत दिलेल्या डायअमिनोपिमेलिक आम्लासारख्या विशिष्ट पोषकांशिवाय तो जगू शकत नव्हता आणि आतड्यातल्या पित्तक्षारांपुढे तो टिकत नव्हता. १९८१ साली होइसेथ आणि स्टॉकर यांनी सॅल्मोनेलातील एक जनुक निकामी केले. त्यामुळे त्याला जे घटक बाहेरून लागू लागले ते प्राण्याच्या शरीरात पुरेसे मिळत नाहीत, आणि तो तेथे वाढून रोग करू शकला नाही. टायफॉइडची तोंडाने घ्यायची टीवाय२१ए ही लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत टायफॉइड जिवाणूच आहे. या सर्व उदाहरणांत जिवाणूला नवी शक्ती दिलेली नाही, त्याची एखादी क्षमता किंवा एखादे हत्यार काढून घेतले आहे. एकच बदल उलटून पूर्वस्थिती येण्याची शंका रास्त आहे. म्हणूनच जनुकाचा मोठा तुकडा पूर्णपणे काढून टाकणे किंवा दोन स्वतंत्र बदल करणे श्रेयस्कर मानले जाते.

दुसरा मार्ग निरुपद्रवी नातलग वापरण्याचा, आणि तो तर फार जुना आहे. हवाबंद डब्यातल्या मासळीला किती उष्णता द्यावी हे ठरवताना जीवघेणे विष तयार करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमऐवजी क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनिसचा पीए ३६७९ हा वाण वापरतात. तो ते विष तयार करत नाही आणि उष्णतेला बोट्युलिनमपेक्षाही चिवट आहे, त्यामुळे तो मेला तर बोट्युलिनमही उरत नाही असे खात्रीने म्हणता येते. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिसच्या जागी लिस्टेरिया इनोक्युआ घेतात, आणि बदामांवरील प्रक्रियेसाठी सॅल्मोनेलाऐवजी एन्टरोकॉकस फेसियमचा एक वाण वापरतात. कारखान्याच्या चालू यंत्रावर खरा सॅल्मोनेला टाकून पाहणे कोणालाही मान्य होणार नाही. तेथे अशा बदली जिवाणूला पर्याय नाही.

मात्र येथे मर्यादाही सांगितली पाहिजे. बदामावर जो बदली जिवाणू खरा ठरला, तो सुक्या जवळ्यावर किंवा सुक्या बांगड्यावर खरा ठरेलच असे नाही. मीठ, ओलावा आणि चरबी बदलली की जिवाणूची चिवटाईही बदलते, आणि प्रत्येक पदार्थासाठी खऱ्याशी तुलना एकदा तरी बंदिस्त प्रयोगशाळेत करावीच लागते. रोग कसा होतो हे अभ्यासायचे असेल, तर दुबळा वाण पुरेसा नाही. घातक वाणांवरचे काम त्यामुळे पूर्णपणे संपत नाही, परंतु ते मोजक्या ठिकाणी आणि मोजक्या हातांत राहते, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला घातक वाण हाताळावा लागत नाही. माझ्या मते शिकवण्याच्या वर्गात रोगकारक सॅल्मोनेला देण्याचे कोणतेही समर्थन आज उरलेले नाही.

यंत्राचा मुद्दा अर्धाच खरा आहे. पीसीआर यंत्र जिवाणूचा डीएनए ओळखते, परंतु तो डीएनए मेलेल्या जिवाणूचाही असू शकतो. पंचवीस ग्रॅम कोळंबीत सॅल्मोनेलाची एखादीच पेशी असेल, तर ती आधी पोषक द्रवात वाढवावी लागते, तेव्हा कोठे यंत्राला ती सापडते. युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमांनुसार शिजवलेल्या कवचधारी मासळीच्या पंचवीस ग्रॅममध्ये सॅल्मोनेला असताच कामा नये, आणि १९९७ साली स्वच्छतेच्या कारणावरून युरोपने भारतीय मासळीची आयात थांबवली होती, हे निर्यातीतली जुनी माणसे विसरलेली नाहीत. आपली तपासणी बरोबर चालते आहे हे ठरवण्यासाठी प्रत्येक वेळी एक ज्ञात वाण सोबत वाढवावा लागतो. तोही दुबळा किंवा चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक घातलेला घेता येतो. मग त्यातला अंश चुकून नमुन्यात मिसळला, तर विशिष्ट प्रकाशात तो लगेच ओळखू येतो आणि चांगला माल विनाकारण नाकारला जात नाही.

राहिला सांडपाण्याचा आरोप. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार जिवाणूंची संवर्धने (वाढवलेले जिवाणू) प्रयोगशाळेच्या आवारातच निर्जंतुक करून मग पिवळ्या पिशवीतून जाळण्यासाठी पाठवावी लागतात. त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेने १२१ अंश सेल्सिअस तापमान ठराविक वेळ राखले जाते, आणि उष्णतेला अत्यंत चिवट अशा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची पट्टी आत ठेवून ते यंत्र खरोखर काम करते की नाही हे पडताळतात. नियम असला म्हणजे तो सर्वत्र पाळला जातो असे मी म्हणणार नाही. ज्या गावाला शंका आहे, त्याने प्रयोगशाळेकडे या पट्ट्यांच्या निकालांची वही, पिवळ्या पिशव्या नेल्याच्या पावत्या आणि शिकवणीच्या वर्गात वापरल्या जाणाऱ्या वाणांची यादी ग्रामसभेमार्फत लेखी मागावी.