‘जिंकल्यावर सगळ्यांचंच जमतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

वेगास गोल्डन नाइट्स या अमेरिकेतल्या आइस हॉकी संघाच्या केमिस्ट्रीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, ‘जिंकलेल्या टीमची केमिस्ट्री सगळ्यांनाच दिसते, हरलेल्या टीमची कुणी शोधत नाही. आणि परभणीत बसून बर्फावरच्या हॉकीचं एवढं कौतुक कामून?’

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात असतो. बर्फ नुसता बघूनही बरं वाटतं.

पहिलं मात्र बोचलं. वेगासच्या विल्यम कार्लसनचे आकडे मी हौसेनं दिले होते : आधीच्या कोलंबस संघाकडून शेवटच्या मोसमात ६ गोल, वेगासला आल्याबरोबर ४३. त्याच्या पुढच्या मोसमात २४, हे लिहायचं टाळलं. त्या ४३ मध्ये नशिबाचाही वाटा होता, कबूल.

पण सगळं नशिबावर ढकलू नका. २०१७ मध्ये तिथल्या लीगमधल्या ३० संघांकडून एकेक खेळाडू घेऊन वेगासचा संघ उभा राहिला. आदल्याच मोसमात ३० गोल केलेला जोनाथन मार्शेसो फ्लोरिडा संघानं सोडला, वर रायली स्मिथही जवळजवळ फुकटात देऊन टाकला. कार्लसनच्या दोन्ही बाजूंना हेच दोघं. आइस हॉकीत तिघांची एक लाइन पाऊण मिनिटभर पळते आणि खेळ चालू असतानाच बदलते. मान वर करून जोडीदार शोधायला सवड नसते. तो कुठं असेल ते अंगात भिनलेलं लागतं. पहिल्याच मोसमात हे स्टॅनले कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, फायनलला गेले आणि वॉशिंग्टनकडून ती मालिका ४-१ हरले. म्हणजे मी हरलेल्या टीमचीच केमिस्ट्री शोधत होतो की, सर!

आमच्या कॉलेजच्या मैदानी हॉकीच्या टीमचंच बघा. उजव्या बाजूचे दोघं फॉरवर्ड, राइट इन आणि राइट विंग, एकाच भावकीतले. बांधावरून दोन्ही घरांची कोर्टकचेरी चाललेली. एसटीत शेजारी बसायचे नाहीत, डबाही वेगळा. मुरमाच्या मैदानावर चेंडू कसाही उडायचा, तरी राइट इन न बघता पुश मारायचा आणि विंग तिथं पोचलेला असायचा. (मी लेफ्ट हाफ. मला तसा पास जन्मात कुणी दिला नाही.) गेम संपला की दोघं दोन टोकांना बसून बूट सोडायचे.

माझी खरी चूक वेगळीच आहे. कार्लसन, मार्शेसो, स्मिथ या तिघांचं जमणं आणि संस्थेची, म्हणजे वेगास क्लबची, ओळख यांची मी खिचडी केली. खेळाडू स्वतःला ‘मिसफिट्स’ म्हणवायचे, कुणालाच नको असलेले. तीच संस्थेचीही ओळख, असं मी धरून चाललो. संस्थेनं तर फायनलला नेणारा कोच गॅलंट जानेवारी २०२० मध्ये काढला. गोली (गोलरक्षक) फ्लरीला २०२१ मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम गोलीची वेझिना ट्रॉफी मिळाली आणि महिन्याभरात त्याची रवानगी शिकागोला. तिथं माया कप जिंकण्यावर, माणसांवर नाही.

१३ जून २०२३ ला फायनलचा पाचवा सामना, समोर नेमका फ्लोरिडा. कोच कॅसिडीनं सुरुवातीला गोली सोडून पाचही जण २०१७ च्या पहिल्या संघातले उतरवले. ९-३ नं जिंकले, कप आला, मार्शेसो प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पंधरवड्यात स्मिथला पिट्सबर्गला धाडलं. पुढच्या वर्षी मार्शेसो नॅशविलला गेला. मार्च २०२५ मध्ये स्मिथला परत आणलं, तेव्हा कार्लसन तिथंच होता, मार्शेसो नव्हता.