स्वतःच्याच घरात पाहुणी

चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घरात गप्प राहू लागली, जेवण उरकून लगेच उठू लागली, नातेवाईक आले की आतल्या खोलीत जाऊन बसू लागली, की बहुतेक घरांत त्याचे खापर वयावर आणि मोबाईलवर फोडले जाते. वयाचा परिणाम असतो, हे मी नाकारत नाही. परंतु माध्यमिक शाळेत बरीच वर्षे शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की यांपैकी कितीतरी मुलींना घर परके वाटते, कारण घरानेच त्यांना परके मानायला सुरुवात केलेली असते.

ही सुरुवात साधारण आठवी-नववीत होते. तोपर्यंत अंगणात भावाबरोबर खेळणाऱ्या मुलीला एकाएकी ‘उद्या दुसऱ्याच्या घरी जायचे आहे’ हे वाक्य भाकरी थापताना, कपडे निवडताना, मोठ्याने हसतानाही ऐकावे लागते. एखादी हौस बोलून दाखवली, तर ‘तुझ्या घरी गेल्यावर कर’ असे उत्तर मिळते. बोलणाऱ्या आजीच्या किंवा आत्याच्या मनात कपट नसते. त्यांनीही त्या वयात हेच ऐकलेले असते. पण जन्मल्यापासून ज्या घरात वाढलो ते आपले नाही, आणि जे आपले म्हणून सांगितले जाते ते अजून कोणी पाहिलेलेही नाही, या स्थितीत त्या मुलीने आपलेपणा कुठे ठेवावा? आईकडे जावे, तर आई स्वतः सासरी परक्या घरची आणि माहेरी चार दिवसांची ठरलेली असते. ती लेकीला जवळ घेते. मात्र निर्णयाच्या वेळी अनेकदा तिलाही कोणी विचारत नाही.

दहावीनंतर ही गोष्ट उघडी पडते. भावाला क्लाससाठी लातूरला किंवा पुण्याला ठेवायचे, त्यासाठी प्रसंगी कर्ज काढायचे, आणि बहिणीला मात्र गुण चांगले असूनही गावाजवळचे कॉलेज, तेही घरकाम सांभाळून, हा निर्णय मी अनेक घरांत होताना पाहिला आहे. कारण म्हणून खर्च पुढे केला जातो. वसतिगृहाचा आणि खानावळीचा खर्च खरोखरच मोठा असतो, याची मला जाणीव आहे. तरीही ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, आणि २०२४-२५ पासून उत्पन्नाची व प्रवर्गाची अट पूर्ण करणाऱ्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क राज्य सरकारने पूर्ण माफ केले आहे. एवढे असूनही मुलीला कोणता अभ्यासक्रम हवा आहे हे कोणी विचारतच नसेल, तर अडचण केवळ पैशाची उरत नाही.

सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नकुशी’, म्हणजे नको असलेली, अशी नावे असलेल्या २८५ मुलींचे सरकारी कार्यक्रमात नवे नामकरण झाले. त्या उपक्रमाचे मला मनापासून कौतुक आहे. परंतु ज्यांची नावे सुंदर आहेत आणि ज्यांचे वाढदिवसही केक कापून साजरे होतात, अशा मुलींनाही घरात आपल्या मताला किंमत नाही असे वाटत असते, आणि त्यांची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही.

घर मुलीचेही आहे का, हा प्रश्न कायद्याने आपल्या परीने केव्हाच सोडवला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः सहहिस्सा दिला. २००५ मध्ये केंद्राने तो विवाहित मुलींसह देशभर लागू केला. आणि त्यासाठी २००५ ची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. प्रत्यक्षात वडिलांच्या पश्चात वारस नोंदीला मुलींची नावे लागतात आणि पुढे भावाशी संबंध टिकावेत म्हणून त्या हक्कसोड पत्रावर सही करून मोकळ्या होतात. ही सही पंचेचाळिसाव्या वर्षी होत असली, तरी तिची तयारी पंधराव्या वर्षी सुरू झालेली असते. आपली शेती कोणत्या गटात आहे, बँकेचे कर्ज किती आहे, विहिरीत वाटा कोणाचा, हे मुलाला बापाबरोबर फिरताना आपोआप कळत जाते. मुलीला ते कोणी सांगत नाही, आणि तिने विचारले तर घरात भुवया उंचावतात.

म्हणून पालकांकडे माझे मागणे गप्प झालेल्या मुलीला समुपदेशनाला नेण्याच्या आधीचे आहे. मुलीच्या समोर ‘दुसऱ्याच्या घरी जायचे आहे’ हे वाक्य बोलणे आजपासून थांबवावे, आणि पाहुण्यांनी तो विषय काढला तर त्यांनाही तिच्यादेखत थांबवावे. घराच्या खर्चाची, कर्जाची, जमिनीची चर्चा होईल तेव्हा तिला पाणी आणायला न पाठवता शेजारी बसवावे. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. ते मान्य करता येत नसेल, तर भावाला सांगितले असते त्याच तपशिलाने पैशाचा हिशेब तिच्यासमोर मांडावा आणि तिला त्यावर प्रश्न विचारू द्यावेत.