विंगर म्हणजे नुसता वेग नव्हे

नाशिकच्या आमच्या फुटबॉल मॅनेजर (संघ सांभाळायचा कॉम्प्युटर गेम) खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘विंगर घेताना पेस आणि क्रॉसिंग बघा, बाकी सोडा.’ विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला चढवणारा खेळाडू, आणि पेस, क्रॉसिंग हे गेममध्ये २० पैकी गुण मिळणारे त्याचे पैलू. पण हा मेसेज अर्धाच खरा आहे. पेस म्हणजे कमाल वेग. खेळाडू तो वेग किती लवकर गाठतो ते ॲक्सलरेशन ठरवतं. बचावपटूला पहिल्या दोन पावलांत मागे टाकायचं तर तेच आधी बघा. क्रॉसिंग लागतं ते कडेने जाऊन चेंडू आत टाकणाऱ्याला. नेदरलँड्सच्या आर्येन रॉबेनसारखा डाव्या पायाचा खेळाडू उजवीकडून आत वळवणार असाल, तर क्रॉसिंग २० पैकी ९ असलं तरी भागतं. ड्रिब्लिंग (चेंडू पायाशी ठेवून पळणं), फिनिशिंग (गोल मारणं), ऑफ द बॉल (चेंडू नसताना योग्य जागी जाणं) मात्र हवंच. परवा कॉलेज रोडला भेटलेल्या एका पोराने या मेसेजपायी असाच खेळाडू विकून टाकला होता. फार हळहळ वाटली.