मांजरं बुडणार, म्हणे!

'ब्रॉडवेचा शेवट जवळ आला' अशा मथळ्याचा एक मजकूर गेले काही दिवस मराठी ग्रुपांवर फिरतोय. इथल्या मंडळाच्या ग्रुपवर दोनदा आला, तेव्हा मी गप्प बसले. मग तो डोंबिवलीच्या मावशीकडून आला आणि खाली तिचा प्रश्न: "अगं, तू याचंच तिकीट काढलंयस ना? पैसे परत मिळतात का बघ." जिने आयुष्यभर रांगेत उभं राहून तिकिटं काढली, तिला नाटकाचा व्यवहार या असल्या मजकुरावरून शिकावा लागणार असेल, तर गप्प बसण्यात अर्थ नाही.

मजकूर थोडक्यात असा. 'कॅट्स' हे जगप्रसिद्ध म्युझिकल आता समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या 'बॉलरूम'मध्ये नेऊन ठेवलंय आणि 'कॅट्स: द जेलिकल बॉल' या नावाने ते 2026 च्या मार्चपासून ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगमंचावर, येतंय. ते आपटणार, कारण 2019 चा 'कॅट्स' सिनेमा 'याच नादात' आपटला. शिवाय हे नाटक कुटुंबं बघतात आणि ती पाठ फिरवतील. अभिजात कृतीला क्वीअर, म्हणजे समलिंगी-ट्रान्स, वळण दिलेलं आजवर कधीच चाललेलं नाही. मूळ कर्त्यांची ही विटंबना आहे. आणि उद्या हेच लोक 'सौभद्र'ला हात घालतील. शेवटी अर्थातच, 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा'.

सिनेमापासूनच सुरुवात करते, कारण मजकुराचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे आणि तोच सगळ्यात हास्यास्पद आहे. टॉम हूपरचा 'कॅट्स' 20 डिसेंबर 2019 ला अमेरिकेत लागला. त्यात क्वीअर वळण नेमकं कुठे होतं, ते या लेखकाने एकदा दाखवून द्यावं. ज्युडी डेंच, इयन मॅकेलन, टेलर स्विफ्ट, इद्रिस एल्बा अशी भारी माणसं गोळा केली आणि त्यांच्या अंगावर संगणकाने केस उगवले. नाक माणसाचं, कान मांजराचे, हातापायाची बोटं पुन्हा माणसाची. लोकांना शिसारी आली ती याची. पहिल्या प्रतीत तर ज्युडी डेंचचा एक हात अंगठीसकट तसाच राहून गेला होता! सिनेमा लागल्यावर काही दिवसांतच स्टुडिओने दुरुस्त केलेली प्रत थिएटरांना पाठवली. घाई किती झाली होती ते यावरून कळावं. खर्च साडेनऊ कोटी डॉलरच्या आसपास आणि जगभरचा गल्ला साडेसात कोटींच्या आसपास, त्यातूनही थिएटरवाल्यांचा वाटा जायचा. नाही म्हणायला, ओल्ड ड्युटेरॉनॉमी, म्हणजे मांजरांचा म्हातारा म्होरक्या, ही एरवी पुरुषांनी केलेली भूमिका डेंचकडे गेली होती. पण लोक हसले ते तिच्या केसाळ कोटाला. खुद्द 'कॅट्स'चा संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर तो सिनेमा बघून इतका वैतागला की आयुष्यात पहिल्यांदा कुत्रा पाळला, असं त्यानेच नंतर एका मुलाखतीत सांगितलं. मांजरांवर म्युझिकल करून श्रीमंत झालेला माणूस!

तेव्हा सिनेमा बुडाला तो मूळ नाटक जसंच्या तसं पडद्यावर आणताना, बेसुमार पैसा ओतून. त्यातून काही शिकायचंच असेल तर ते मजकुराच्या अगदी उलट आहे.

आता ज्याबद्दल एवढी ओरड चाललीय ते काय आहे, हे मजकुरात कुठेच नाही. झायलॉन लेव्हिंगस्टन आणि बिल राउख या दोघांनी ते बसवलं. 2024 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आवारातल्या 'पीएसी एनवायसी' या नव्या रंगमंदिरात ते सुरू झालं आणि मुदत वाढवत वाढवत सप्टेंबरपर्यंत चाललं. बॉलरूम म्हणजे हार्लेममध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो क्वीअर लोकांनी उभी केलेली स्पर्धांची दुनिया. त्यात घराणी असतात, प्रत्येक घराण्याची एक 'मदर', वेगवेगळ्या गटांत चालण्याच्या, नाचण्याच्या, नटण्याच्या स्पर्धा, समोर पंच आणि करंडक. आता मूळ 'कॅट्स'ची गोष्ट आठवा. मांजरं एका रात्री जमतात, एकेक पुढे येऊन आपलं नाणं वाजवून दाखवतं आणि म्हातारा ड्युटेरॉनॉमी त्यातून एकाला निवडतो. गोष्ट म्हणून मूळ नाटकात एवढंच आहे, बाकी सगळा नाच. चाळीस वर्षं लोक 'याला कथानक कुठेय' म्हणून कुरकुरत होते. इथे त्या मांडणीला पहिल्यांदा काही कारण मिळालं. शब्द जवळजवळ सगळे तेच ठेवले, चालीही त्याच, फक्त ठेका क्लबचा. ड्युटेरॉनॉमी आंद्रे डी शील्ड्स, आणि गस हे म्हातारं नाटकी मांजर केलं ज्युनियर लाबेजा यांनी, जे स्वतः त्या बॉलरूमचे जुने सूत्रधार. यात ओढूनताणून काय आहे?

'कुटुंबं पाठ फिरवतील' हा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे, म्हणून त्याच्याकडे थोडं बघू. ब्रॉडवेच्या निर्मात्यांची संघटना, ब्रॉडवे लीग, प्रेक्षकांची पाहणी करते. 2018-19 च्या हंगामात प्रेक्षकांत 68 टक्के स्त्रिया होत्या, सरासरी वय 42 च्या वर आणि 65 टक्के लोक बाहेरगावाहून किंवा परदेशातून आलेले. म्हणजे तिकीट काढणारी सरासरी व्यक्ती ही चाळिशीतली बाई. तिच्या बरोबर मुलांचा लवाजमा असेलच असं नाही. लवाजमा घेऊन येणाऱ्यांसाठी 'द लायन किंग' 1997 पासून चालूच आहे. शिवाय जुन्या रूपातलं 'कॅट्स' ब्रॉडवेवर परत आणून झालेलं आहे. पहिल्या खेपेला 1982 ते 2000 असे 7,485 प्रयोग झाले. 2016 च्या जुलैत तेच शेपटाचे पोशाख घालून ते परत आलं आणि 2017 च्या अखेरीस 593 प्रयोगांवर थांबलं. कुटुंबांना हवं ते तसंच दिलं होतं की. आठवणींवर दीड वर्ष निघालं, आणखी अठरा वर्षं निघाली नाहीत.

'कधीच चाललेलं नाही.' हे 'कधीच' लिहिण्याआधी दोन मिनिटं शोधलं असतं तरी चाललं असतं. 'कॅबरे' हे म्युझिकल 1966 मध्ये ब्रॉडवेवर आलं तेव्हा 1,165 प्रयोग झाले. 1998 मध्ये सॅम मेंडीस आणि रॉब मार्शल यांनी ते नव्याने मांडलं. ॲलन कमिंगचा सूत्रधार उघडउघड क्वीअर, आणि शेवटी तो कोट काढतो तर आत छळछावणीचा पट्ट्यापट्ट्यांचा गणवेश, त्यावर नाझींनी समलिंगी पुरुषांना लावायला लावलेला गुलाबी त्रिकोण. या रूपाचे प्रयोग झाले 2,377. मूळच्या दुपटीहून जास्त. मॅथ्यू बोर्नने 1995 मध्ये 'स्वान लेक'चे राजहंस पुरुष केले. तो बॅले आहे, म्युझिकल नाही, हे मान्य. पण तोही लंडनच्या वेस्ट एंडला आणि मग ब्रॉडवेला गेला आणि 1999 चे टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे मानाचे पुरस्कार, घेऊन आला.

'कंपनी' या म्युझिकलबाबत मात्र मजकुराचं म्हणणं अर्धं खरं ठरतं, तेवढं कबूल करायला हवं. मेरियन एलियटने नायक बॉबीची नायिका बॉबी केली आणि लग्नाला घाबरणाऱ्या एमीच्या जागी जेमी हा समलिंगी तरुण आणला. हे सगळं खुद्द मूळ संगीतकार स्टीफन सॉन्डहाइमच्या संमतीने आणि सहभागाने झालं. लंडनमध्ये 2018 ला ते गाजलं. ब्रॉडवेवर 2020 च्या मार्चमध्ये पूर्वप्रयोग सुरू होतात न होतात तोच कोविड आला. शेवटी 2021 च्या डिसेंबरात उघडलं, पुनरुज्जीवनाचं टोनी मिळालं, आणि 2022 च्या जुलैअखेर बंद झालं. आठ महिनेही नाही. बिल राउखनेच 2018 मध्ये ओरेगन शेक्सपियर फेस्टिव्हलला 'ओक्लाहोमा!'मधली जोडपी समलिंगी केली होती, तीही ब्रॉडवेपर्यंत आली नाही. आणि 'कॅबरे'चंच ताजं पुनरुज्जीवन, ज्याला जवळपास 2 कोटी 60 लाख डॉलर लागले, ते 2025 च्या सप्टेंबरात सगळे पैसे घालवून बंद पडलं. घ्या, मजकूरवाल्याला ठाऊक नसलेलं उदाहरणही मीच दिलं.

पण त्याने काय सिद्ध होतं? न्यूयॉर्क टाइम्सने 2025 च्या सप्टेंबरात ब्रॉडवेचा हिशोब मांडला, तो वाचून कोणाही निर्मात्याची झोप उडावी. महासाथीनंतर ब्रॉडवेवर 46 नवी म्युझिकल्स आली, त्यांत मिळून सुमारे 80 कोटी डॉलर गेले, आणि तोवर नफ्यात आली फक्त तीन: 'सिक्स', 'एमजे' आणि 'अँड ज्युलिएट'. आधीच्या हंगामातल्या अठरा व्यावसायिक म्युझिकल्सपैकी तोवर एकही नफ्यात नव्हतं. 'बूप!' आणि 'स्मॅश' यांनी दोन-दोन कोटी डॉलर किंवा जास्त बुडवले. बेटी बूप ही कार्टूनची पोरगी, तिच्यात कोणता अजेंडा होता? जिथे त्रेचाळीस नफ्यात येत नाहीत, तिथे बुडणाऱ्यांत काही क्वीअर नाटकं निघणारच. मजकूरवाला फक्त तेवढीच मोजतो. वाचलेली तीन मात्र त्याने पाहिलेली दिसत नाहीत. त्यातलं 'अँड ज्युलिएट' म्हणजे शेक्सपियरच्या ज्युलिएटची गोष्ट उलटी करून सांगणारं, आणि त्यातलं एक मुख्य प्रेमप्रकरण मे नावाच्या नॉनबायनरी, म्हणजे स्वतःला ना बाई ना पुरुष मानणाऱ्या, पात्राचं. ते 2022 पासून चालू आहे.

खरी भीती कशाची असावी? 'पीएसी' ही ना-नफा संस्था आहे, तिथे गर्दी झाली म्हणून ब्रॉडवेला पैसे सुटतील असं नाही. ब्रॉडवेवर हे ज्या ब्रॉडहर्स्ट थिएटरात, तिथे अकराशेच्या वर खुर्च्या आहेत आणि आठवड्याला आठ प्रयोग करायचे आहेत. भाडं, वादक, संघटनांचे दर, जाहिरात हे सगळं दर आठवड्याला निघालं पाहिजे, आणि त्याच्या वर उरलं तर गुंतवणूकदारांना मिळतं. 'पीएसी'त प्रेक्षक रॅम्पच्या दोन्ही बाजूंना बसून ओरडत, पंखे फडकवत होते. नेहमीच्या रंगमंचासमोर, रांगेत बसलेल्या लोकांत ती ऊब राहील का, याची मला खरंच काळजी आहे. हा धंद्याचा प्रश्न आहे आणि तो अवघड आहे. पण मजकुरात त्यावर अवाक्षर नाही.

विटंबनेचं दोन ओळींत आटपते. ज्यांच्या कवितांवर 'कॅट्स' बेतलंय ते कवी टी. एस. एलियट 1965 मध्ये वारले. 1939 च्या त्या मांजरांच्या कवितांचे हक्क ब्रिटनमध्ये 2035 पर्यंत शाबूत आहेत, संगीताचे हक्क लॉइड वेबरकडे. हक्कदारांच्या होकाराशिवाय ब्रॉडवेवर कोणी एक ओळ गाऊ शकत नाही. आणि नाटकातली सगळ्यांची लाडकी मांजर ग्रिझाबेला? ती एलियटच्या पुस्तकात नव्हतीच. मुलांना फार उदास वाटेल म्हणून त्यांनी तो तुकडा गाळला होता. तो त्यांच्या पत्नी व्हॅलेरी यांनी नाटकवाल्यांना दिला आणि त्यावर नाटक उभं राहिलं. 1981 मध्ये लंडनला तेच नाटक पहिल्यांदा काढायला मोठे गुंतवणूकदार तयार नव्हते. मांजरांवर कोण तिकीट काढणार, म्हणून. लॉइड वेबरने घर गहाण टाकलं होतं.

राहिलं 'सौभद्र'. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते 1882 मध्ये आणलं तेव्हापासून कित्येक दशकं सुभद्रा पुरुषच होती, रुक्मिणीही पुरुषच. हे क्वीअर होतं असं मी म्हणणार नाही, बायकांना रंगमंचावर उभंच राहू देत नव्हते म्हणून ते तसं होतं. पण प्रेक्षक पाठ फिरवतील हे गणित आपल्याच लोकांनी खोटं ठरवलंय. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेलं संयुक्त 'मानापमान' झालं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात, तिकीट शंभर रुपयांपर्यंत, आणि गर्दी. घरोघरच्या बायका बालगंधर्वांसारखी साडी नेसायला शिकत होत्या. त्यामुळे 'सौभद्र'ला कोणी वेगळं वळण देणार म्हणून मला धडकी भरत नाही. ज्याला द्यायचंय त्याने आधी ती सगळी पदं पेलणारे सहा गायक नट आणि एक ऑर्गनवाला जमवून दाखवावा. वळणाचं मग बघू.