‘बोक्याचे फोटो धूसर, पैसे पाण्यात’ : ताई, तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. घरातल्या काळ्या बोक्याचे जवळून फोटो आणि भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो), दोन्ही एकाच कॅमेऱ्यात जमेल असं सांगून आम्ही तुम्हाला निकॉन कूलपिक्स पी ९५० दिला. बोका धूसर येतो, रोहित पाण्यात विरघळल्यासारखे दिसतात. तक्रार घेऊन आलात तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ‘तुम्हाला वापरता येत नाही’ असं ऐकवलं. म्हणून तुमचं म्हणणं, आम्ही डिफेक्टिव्ह पीस गळ्यात मारला.

ते वाक्य आमच्या दुकानात बोललं गेलं याची मला लाज वाटते. मुलाला विचारलं, त्याने कबूल केलं. तुमची मनापासून माफी मागतो. पण त्याआधीची चूक जास्त मोठी आहे आणि ती माझी आहे, कारण त्या दिवशी कॅमेरा दाखवायला मीच उभा होतो. तुम्ही ‘मांजर आणि पक्षी’ म्हणालात आणि मी थेट ८३ पट झूम दाखवायला लागलो. बोका घरात कुठे बसतो, तिथे उजेड किती, फोटो काढताना तुम्ही किती लांब असता, यातलं काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर हा कॅमेरा तुमच्या हातात दिला नसता.

पीस डिफेक्टिव्ह आहे हे मात्र मला मान्य नाही. तुम्ही आणलात त्या दिवशी समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आम्ही पूर्ण झूमवर टिपली होती, तिच्यावरची अक्षरं स्वच्छ आली. घोळ कुठे आहे ते सांगतो.

या कॅमेऱ्याची लेन्स पूर्ण झूमवर २००० मिमीच्या बरोबरीची होते (हा आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं मोठं दिसतं), आणि तेवढ्या झूमवर ५ मीटरच्या आतलं काहीच फोकस होत नाही. ५ मीटर म्हणजे सोळा फुटांहून थोडं जास्त. आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एवढं अंतर मिळतं कुठे? तुम्ही सोफ्यावर, बोका खिडकीच्या कट्ट्यावर, आणि झूम शेवटपर्यंत ओढलेला. फोटो धूसरच येणार. झूम अजिबात न करता ५० सेंटीमीटरवरून फोकस होतं, मॅक्रोमध्ये, म्हणजे अगदी जवळच्या फोटोंच्या मोडमध्ये, तर १ सेंटीमीटरवरूनही. पण इतक्या जवळ कॅमेरा नेला की बोका उठून जातो, आणि बसलाच तर नाक मोठं, कान लहान असा चेहरा येतो.

दुसरी गोष्ट सेन्सरची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या आतल्या चिपची. एवढा प्रचंड झूम साधारण एक किलोच्या कॅमेऱ्यात बसतो, कारण आतला सेन्सर लहान आहे, जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा. कॅननच्या साध्या मिररलेसमध्ये (लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात) तो ३३० च्या आसपास असतो. उन्हात हा फरक फारसा जाणवत नाही. ट्यूबलाइटखाली कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवतो, फोटोत दाणे येतात, आणि ते पुसताना कॅमेरा केसही पुसून टाकतो. त्यात तुमचा बोका काळा. हा ऑटोफोकस उजेड-अंधाराच्या कडा शोधून काम करतो, आणि काळ्या अंगावर त्याला धरायला काही सापडत नाही.

रोहितांचं कारण वेगळं आहे. तुम्ही जोडलेल्या फोटोत सावल्या पायाखाली पडल्यात, म्हणजे भर दुपार. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर त्या वेळी तापलेली हवा लहरत असते. कितीही महागडी लेन्स लावा, लांबून फोटो काढला की ती लहर फोटोत येतेच. पुढच्या खेपेला उजाडतानाच्या होडीत बसा, पक्ष्यांना न उडवता नावाडी नेईल तेवढं जवळ जा, झूम अर्ध्यावर ठेवा. होडी डुलते, तेव्हा शटर स्पीड १/१००० सेकंदाहून हळू नको. एवढं केलंत तर याच कॅमेऱ्यातून आलेले रोहित बघून तुम्हाला आनंद होईल.

त्या दिवशी मी काय द्यायला हवं होतं? कॅनन आर ५० आणि त्यावर आरएफ १००-४०० मिमीची लेन्स. हा कॅमेरा मांजर, कुत्रा, पक्षी ओळखून डोळ्यावर फोकस धरतो. त्याच्यावर ही लेन्स ६४० मिमीच्या बरोबरीची होते, आणि साधारण एक मीटरवरूनही फोकस करते, त्यामुळे बोक्याच्या मिशांनी फ्रेम भरते. मात्र ४०० वर ही लेन्स एफ ८ ची आहे (एफचा आकडा मोठा, तेवढा उजेड कमी), संध्याकाळी घरात तिचं काही चालायचं नाही. त्या वेळेसाठी ५० मिमी एफ १.८ ची छोटी लेन्स हवी, ती जवळपास २० पट उजेड आत घेते. खर्च वाढतो, आणि पलीकडच्या काठावरचा पक्षी आत्तासारखा मोठा दिसणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या बिलाची पूर्ण रक्कम या सेटमध्ये वळती करून देतो, कॅमेरा वापरलेला आहे म्हणून एक रुपयाही कापणार नाही. वरचा खर्च नको असेल तर पैसे परत घ्या. पक्ष्यांसाठी आहे तोच ठेवायचा असेल तर तेही चांगलंच. मग बोक्याला सकाळी खिडकीजवळ बसलेला असताना टिपा, शटर १/२५० वर लावा, बटण अर्धं दाबल्यावर चौकट हिरवी झाली तरच पुढे दाबा. लाल लुकलुकली तर झूम थोडा मागे घ्या. फ्लॅश नको, डोळे चकाकतात.

दुकानात याल तेव्हा मलाच हाक मारा. आणि धूसर फोटो कार्डावरून पुसू नका. प्रत्येक फोटोसोबत शटर, आयएसओ आणि झूम किती होता हे नोंदलेलं असतं, आपण समोरासमोर बसून ते बघू.