बेसलाइन मार्चातली, चिखल जूनमधला

गेल्या आठवड्यात एका लोखंडाच्या खाणीचा ईआयए रिपोर्ट, म्हणजे खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल, मोबाईलवर वाचत बसलो होतो. गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यातलीच खाण, नाव घेत नाही. पाण्याचं प्रकरण आलं आणि बघतो तर आमचा व्हाळ (ओढा हो) म्हणजे एकदम गुणी बाळ! पीएच बरोबर, ऑक्सिजन भरपूर, गढूळपणा नावापुरता. बायकोला दाखवलं तर म्हणते, हा आपलाच व्हाळ ना, की दुसऱ्या कुणाचा?

मग सॅम्पलची तारीख बघितली. मार्च. बस्स, तिथेच उलगडा झाला.

सॅम्पल न्यायला आलेला तो पोरगा आठवतो पण मला. बाईकवरून आला, मागे थर्माकोलच्या पेटीत बर्फ, काठावरूनच वाकून व्हाळाच्या कोंडीतलं, म्हणजे डोहातलं, नितळ पाणी दोन बाटल्यांत भरलं, आमच्याकडे कोकम सरबत प्यायला, "येतो काका" म्हणाला आणि गेला. त्याची काय चूक? खाणीच्या ईआयएला बेसलाइन म्हणून, म्हणजे खाणीच्या आधीची स्थिती म्हणून, पावसाळा सोडून एका हंगामाचा डेटा चालतो, नियमच तसा. आता गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, डंपावरची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या ढिगावरची, माती उतरते ती तेव्हाच, आणि आपण पाणी मोजणार कधी, तर व्हाळ झोपलेला असताना!

मागच्या वर्षी मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी त्याच कोंडीतलं पाणी मी बिसलेरीच्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं. सकाळी तळाला बोटभर जाड लाल गाळ, आणि वरचं पाणी तरीही कोऱ्या चहासारखं. गंमत म्हणून अ‍ॅक्वेरियमवाल्याची पीएच पट्टी बुडवली तर आकडा अगदी व्यवस्थित. यायचाच तसा. आपलं खनिज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, कोळशाच्या खाणीत गंधकामुळे पाणी आम्लधर्मी होतं तसला प्रकार इथे फारसा नाही. इथली खरी भानगड तरंगणाऱ्या मातीची. त्यामुळे रिपोर्टमध्ये पीएचवर पानभर लिहिलं आणि सस्पेंडेड सॉलिड्सचा, म्हणजे या तरंगत्या मातीचा, एकच मार्चातला आकडा दिला, तर तपासलं काय कप्पाळ? तीच माती शेतात बसते, वर वाळून खरपुडी धरते. आमच्या शेताच्या खालच्या मेरेजवळचा (बांधाजवळचा) भाग असाच पडीक आहे.

दुसरं म्हणजे 'अपस्ट्रीम' सॅम्पल. खाणीच्या वरचं पाणी म्हणजे स्वच्छ पाणी असं धरून चाललेत. अरे पण आमच्या वरती जुन्या लीजचा (खाणपट्ट्याचा) डंप आहे ना, झाडं लावून हिरवा दिसतो म्हणून काय झालं. इथे पोर्तुगीज काळापासून खणतायत, मग ही बेसलाइन नक्की कशाच्या आधीची?

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? २०१२ मध्ये खाणी थांबल्या, नंतर सुरू झाल्या, मग सुप्रीम कोर्टाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ पासून परत बंद. त्या काळात आमच्या व्हाळाचा तळ दिसायला लागला होता, पोरं गरी घेऊन बसायची. (ट्रकवाल्यांचे हाल झाले तेही खरं, माझा चुलतभाऊ हप्ते भरून भरून कंगाल झाला, त्यामुळे खाण नकोच असं मी म्हणत नाहीय.) पण खाण नसताना पाणी कसं असतं हे मोजायची याहून चांगली संधी कधी मिळणार होती? प्रत्येक पावसाळ्यात आठवड्याला एक बाटली भरली असती तरी पुरे होतं. २०२२ च्या डिसेंबरात खाणींच्या ब्लॉकांचा लिलाव सुरू झाला, संपला विषय.

या खाणीच्या जनसुनावणीला मी जाणार आहे. बाटली अजून आहे माझ्याकडे, पण ओट्यावरची बाटली दाखवली तर लोक हसतील हे कळतं. या जूनला पहिल्या पावसापासून रोज एकाच वेळी, एकाच जागी पाणी घ्यायचं ठरवलंय. कुणाकडे टर्बिडिटी मीटर (गढूळपणा मोजायचं यंत्र) असेल, कॉलेजच्या लॅबमधलाही चालेल, तर दोन महिन्यांसाठी द्या. पेट्रोल आणि कोकम सरबत माझ्याकडून.