'कन्व्हर्टर अपडेट करू नका' म्हणणाऱ्या मेसेजचा समाचार

गणपती जवळ आले, की मुंबईतल्या मंडळांच्या, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या आणि एकांकिकावाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: 'व्हिडिओ-ऑडिओ कन्व्हर्टर कधीही अपडेट करू नका. जुनं चालतंय ना? मग हात लावू नका. कन्व्हर्टर नेटवर जात नाही, त्यामुळे व्हायरसचा प्रश्नच नाही. व्हायरस येतो तो अपडेटमधूनच, हँडब्रेकचं काय झालं आठवा. नव्या व्हर्जनला क्वालिटी पडते, मशीन स्लो होतं. एकदा कोडेक पॅक टाका, जन्मभर बघायला नको. व्हीएलसीवर तर सरकारनेच बंदी घातली होती.' खाली जोडलेले हात आणि 'सर्व एडिटर बांधवांपर्यंत पोहोचवा'.

कन्व्हर्टर म्हणजे एका प्रकारची व्हिडिओ-ऑडिओ फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारा प्रोग्राम, हँडब्रेक त्यातलाच एक. कोडेक म्हणजे व्हिडिओ-आवाज दाबून साठवायची आणि पुन्हा उलगडायची पद्धत. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर. सगळ्याच थापा असत्या तर दुर्लक्ष केलं असतं. पण यातली दोन-तीन वाक्यं खऱ्या घटनांवर उभी आहेत, आणि त्या घटना अर्ध्याच सांगितल्या आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो. क्रम मेसेजचा नाही, माझा. सगळ्यात घातक मुद्दा आधी.

'कन्व्हर्टर नेटवर जात नाही, मग व्हायरस कुठून येणार?'

कन्व्हर्टर नेटवर जावो न जावो, फाइली तर बाहेरूनच येतात. दादरच्या एखाद्या स्टुडिओतला लग्नसराईतला एक दिवस बघा. नवरीच्या मामेभावाचा पेनड्राइव्ह, ड्रोनवाल्याचं कार्ड, पुण्याच्या काकांनी लिंकवर पाठवलेल्या क्लिपा, हळदीला कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं शूटिंग, शिवाय 'ही आमच्या लग्नाची सीडी, जमलं तर पेनड्राइव्हवर करून द्या' म्हणणारे आजोबा. हे सगळं एकाच प्रोग्रामच्या तोंडी जातं. त्या मशीनवरचं दुसरं कुठलंच सॉफ्टवेअर दिवसाला इतक्या अनोळखी फाइली उघडत नसेल.

व्हिडिओ फाइलमध्ये नुसती चित्रं नसतात. सुरुवातीला आणि मध्ये मध्ये हिशेब लिहिलेला असतो: चित्र किती रुंद, किती उंच, पुढचा तुकडा किती बाइटचा. त्या हिशेबावर विसंबून प्रोग्राम मेमरीत जागा धरतो. फाइलने मुद्दाम खोटा आकडा सांगितला आणि प्रोग्रामने तो ताडून पाहिला नाही, तर डेटा धरलेल्या जागेबाहेर सांडतो. तो नेमका कुठे सांडायचा हे ज्याला साधलं, त्याला तुमच्या मशीनवर स्वतःचा कोड चालवता येतो. ही पुस्तकी भीती नाही. एमपी४ फाइल वाचतानाची अशीच एक चूक व्हॉट्सअॅपने दुरुस्त केल्याचं २०१९च्या नोव्हेंबरात जाहीर झालं. २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टला विंडोजच्या कोडेक लायब्ररीसाठी (लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर जाऊन पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढावा लागला. २०२३च्या सप्टेंबरात लिबव्हीपीएक्स या लायब्ररीत व्हीपी८ या कोडेकची एक चूक सापडली. ती सापडली तेव्हा हेरगिरीची साधनं विकणारे लोक तिचा आधीपासूनच वापर करत होते.

आणि मुळात 'नेटवर जात नाही' हेच खरं नाही. बहुतेक कन्व्हर्टरांच्या पोटात एफएफएमपेग असतं. फाब्रिस बेलार याने २०००मध्ये सुरू केलेला हा मोफत प्रकल्प. वरची बटणं वेगळी, नाव वेगळं, किंमत वेगळी, पण इंजिन बहुधा हेच. २०१६च्या जानेवारीत त्यातली एक चूक उघड झाली. तिची गंमत अशी, की तिथे मेमरी वगैरे काही सांडायचीही गरज नव्हती.

समजा फाइलचं नाव 'हळद.एमपी४'. आत व्हिडिओ नाहीच, चार-पाच ओळींचा साधा मजकूर आहे: ही प्लेलिस्ट आहे, पुढचे तुकडे अमुक पत्त्यांवरून आणा. एफएफएमपेग फाइलच्या आडनावावर फारसं विसंबत नाही, आत डोकावून प्रकार ओळखतं. इथे प्लेलिस्ट दिसली, म्हणून ते इमानेइतबारे तुकडे गोळा करायला निघालं. त्यातला एक पत्ता तुमच्याच मशीनवरच्या एखाद्या फाइलचा, दुसरा हल्लेखोराच्या सर्व्हरचा, आणि पहिल्यातला मजकूर दुसऱ्या पत्त्याच्या शेपटीला चिकटून बाहेर जाईल अशी रचना. तुम्ही फक्त 'कन्व्हर्ट' दाबलंत. त्याच महिन्यात दुरुस्ती आली, २.८.५ व्हर्जनमध्ये ती आहे. ज्यांच्या कन्व्हर्टरच्या पोटात त्याआधीचं इंजिन पडून आहे, त्यांना ती दुरुस्ती मिळालेलीच नाही. वरचा प्रोग्राम कितीही चकचकीत असला तरी.

यावर कुणी म्हणेल, आम्ही एमपी४ सोडून काही उघडतच नाही. तुम्ही उघडत नसाल, प्रोग्राम उघडतो. २०२५मध्ये गूगलच्या एआयने एफएफएमपेगमध्ये एक चूक शोधली, ती १९९५च्या एका व्हिडिओ गेमसाठी बनलेल्या कोडेकमधली होती. एफएफएमपेगची स्वयंसेवक मंडळी त्यावर वैतागली, असल्या जुन्यापान्या कोनाड्यांतल्या चुका शोधून आमच्या डोक्यावर ठेवता म्हणून. त्यांचा वैताग मला पटतो. पण तो कोनाडा तुमच्याही मशीनवर आहे, आणि मुद्दाम तशी बनवलेली फाइल नाव बदलून आली तर प्रोग्राम तिला ओळखून बरोबर त्याच कोनाड्यात नेऊन बसवतो.

'व्हायरस येतो तो अपडेटमधूनच, हँडब्रेकचं काय झालं आठवा'

आठवूच. २०१७च्या मे महिन्यात, २ ते ६ तारखेच्या दरम्यान, हँडब्रेकच्या एका डाउनलोड मिररवर (फाइलींची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर) कुणीतरी घुसलं आणि मॅकसाठीच्या १.०.७च्या जागी 'प्रोटॉन' ट्रोजन (साध्या प्रोग्रामच्या वेशात शिरणारा व्हायरस) असलेली फाइल ठेवली. ती घेणाऱ्यांचं नुकसान झालं. पॅनिक नावाच्या मॅक सॉफ्टवेअर कंपनीचा सोर्स कोड त्यातूनच चोरीला गेला. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे.

पुढचं मात्र मेसेजमध्ये नाही. हँडब्रेकच्या मंडळींनी तेव्हाच जाहीर केलं होतं, की १.० किंवा नंतरच्या व्हर्जनच्या आतल्या अपडेटरमधून ज्यांनी फाइल घेतली त्यांना धोका नाही. तो अपडेटर डिजिटल सही तपासतो आणि सही जुळली नाही तर इन्स्टॉलच करत नाही. ०.१०.५ आणि त्याआधीच्या व्हर्जनांच्या अपडेटरमध्ये ही तपासणी नव्हती. म्हणजे ज्या घटनेचा दाखला देऊन जुन्याला चिकटून राहायला सांगितलं जातं, त्या घटनेत जुनं व्हर्जनच बिनकुलपाचं होतं.

ब्राउझरमध्ये मध्येच उगवणारी 'तुमचा प्लेयर जुना झाला आहे, इथे दाबा' ही चौकट मात्र अपडेट नव्हे. तिला हात लावू नका, हे मेसेजवाल्यांइतक्याच जोरात मीही सांगेन. अपडेट प्रोग्रामच्या मेनूतून किंवा बनवणाऱ्याच्या साइटवरून. एफएफएमपेगच्या साइटवर विंडोजसाठी तयार फाइल नसते, पण ती बनवणाऱ्यांच्या लिंका तिथेच दिलेल्या आहेत. सर्चमध्ये जाहिरात म्हणून वर आलेल्या पहिल्या नावावर जाऊ नका.

'नव्या व्हर्जनला क्वालिटी पडते'

हा मुद्दा बहुतेकदा उलटा असतो. आवाजाचं बघा. एएसी या प्रकारात आवाज साठवणारा एफएफएमपेगचा स्वतःचा एन्कोडर बरीच वर्षं 'प्रायोगिक' या शिक्क्याखाली होता. वापरायचा तर तशी परवानगी कमांडमध्ये लिहावी लागायची, आणि तबल्याच्या थापेला तो काय करेल सांगता यायचं नाही. २०१६च्या फेब्रुवारीत आलेल्या ३.० व्हर्जनमध्ये तो सुधारून पक्का झाला. मोबाइल उभा धरून घेतलेली क्लिप आडवी पडायची, आठवतं? फोन चित्र फिरवत नाही, 'हे ९० अंशांत फिरवून दाखवा' अशी फक्त नोंद करतो. ती नोंद वाचून चित्र आपोआप सरळ करणं एफएफएमपेगला २०१५पासून येतं. त्याआधीच्या इंजिनवर मिरवणुकीतला बाप्पा आडवाच.

सध्याची मोठी डोकेदुखी आहे रंगांची. आयफोन १२पासून, म्हणजे २०२०च्या अखेरीपासून, आयफोन डॉल्बी व्हिजनमध्ये एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला धरणारा व्हिडिओ, शूट करतात. रंग १० बिटांचे, उजेडाचा हिशेबही वेगळा. जुना कन्व्हर्टर ही माहिती वाचतच नाही, सरळ ८ बिटांत कोंबतो. मग हिरवीगार पैठणी राखाडी दिसते, चेहरे धुतल्यासारखे पांढुरके होतात, आणि पाहुणे शिव्या घालतात कॅमेऱ्याला. नव्या व्हर्जनमध्येही टोनमॅपिंग (एचडीआरचा उजेड साध्या पडद्याला बसवणं) नीट निवडावं लागतं, आपोआप जादू होत नाही. पण निवडायला तो पर्याय तरी असतो.

'मशीन स्लो होतं'

कधीकधी होतं. पण कशामुळे, ते बघा. हँडब्रेकमध्ये २०२२च्या अखेरीस १.६.० बरोबर एव्ही१ या नव्या कोडेकचं एन्कोडिंग आलं. नवं आहे म्हणून तेच निवडलं तर जुन्या आय३ प्रोसेसरला घाम फुटणारच. त्यात अपडेटचा काय दोष? मंडळाच्या व्हिडिओसाठी एच.२६४ हा जुना कोडेक पुरेसा आहे, तोच ठेवा. दुसऱ्या बाजूला, २०२४च्या एप्रिलमध्ये आलेल्या एफएफएमपेग ७.०मध्ये वाचणं, फिल्टर, एन्कोड ही कामं एकाच वेळी वेगवेगळ्या थ्रेडवर चालवण्याची सोय झाली. एकाहून जास्त कोर असलेल्या मशीनला त्याचा फायदाच मिळतो.

'एकदा कोडेक पॅक टाका, जन्मभर बघायला नको'

लॅमिंग्टन रोडवर मशीन जोडून घेताना 'सगळी सॉफ्टवेअरं टाकून देतो शेठ' यात हा पॅक फुकट येतो, आणि मग खरोखरच जन्मभर कुणी बघत नाही. विंडोजसाठीच्या क्विकटाइमचं असंच झालं. २०१६च्या एप्रिलमध्ये त्यातल्या दोन गंभीर चुका जाहीर झाल्या. अॅपलने विंडोजवरचा पाठिंबाच थांबवला होता, त्यामुळे पॅच येणार नव्हता. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा विभागाने सरळ काढून टाका म्हणून सांगितलं. तरी एडिटिंगच्या कित्येक मशीनवर तो राहिला, कारण काही एमओव्ही फाइलींसाठी एडिटिंग सॉफ्टवेअरला त्याची गरज लागायची. आज लागत नाही. कंट्रोल पॅनेल उघडून बघा, असला तर काढा. आताचे प्लेयर आणि कन्व्हर्टर स्वतःचे डीकोडर सोबत घेऊन येतात, वेगळ्या पॅकची गरज क्वचितच पडते.

'व्हीएलसीवर सरकारनेच बंदी घातली होती'

२०२२च्या फेब्रुवारीपासून व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची वेबसाइट भारतात उघडेनाशी झाली होती. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या मदतीने कायदेशीर नोटीस गेली आणि नोव्हेंबरात साइट पुन्हा सुरू झाली. साइट अडवली होती. लोकांच्या मशीनवरचं व्हीएलसी तेव्हाही चालतच होतं. अपडेट घेण्याशी या प्रकरणाचा काही संबंध नाही. संबंध हवाच असेल तर २०१९ची गोष्ट घ्या. व्हीएलसीत भयंकर चूक आहे, काढून टाका, असा गवगवा जगभर झाला. निघालं असं, की चूक एका बाहेरच्या लायब्ररीत होती, ती सोळा महिने आधीच दुरुस्त झाली होती, आणि तक्रार करणाऱ्याच्या मशीनवर त्या लायब्ररीचं जुनं व्हर्जन होतं. व्हीएलसी अपडेट ठेवणाऱ्यांना त्या बातमीशी काही देणंघेणंच नव्हतं.

राहिलं 'चालतंय तर हात लावू नका'. यातलं एक मी मान्य करतो: चालू कामात हात लावू नका. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री, डिलिव्हरी तोंडावर असताना अपडेट दाबणाऱ्याचा कैवार मी घेणार नाही. आवाज एडिट करायच्या ऑडॅसिटी या प्रोग्रामच्या ३.०ने २०२१मध्ये प्रोजेक्टची फाइलच बदलली. जुना प्रोजेक्ट नव्यात उघडतो, पण तिथे सेव्ह केलेला २.४मध्ये उघडत नाही. नाटकाचं संगीत दोन मशीनवर चाललं असेल, एकावर नवं आणि दुसऱ्यावर जुनं, तर तालमीच्या दिवशी फजिती ठरलेली. म्हणून काम हातावेगळं झाल्यावर दोन्ही मशीनवर एकदम अपडेट करा, जुना इन्स्टॉलर एका फोल्डरमध्ये ठेवा आणि ओळखीची एक क्लिप कन्व्हर्ट करून बघा. एफएफएमपेग तर नुसतं फोल्डर आहे. नवं शेजारी उघडून ठेवलं, पटलं नाही तर जुनं जागेवर आहेच. पोटातलं इंजिन कुठलं आहे ते 'अबाउट'मध्ये किंवा लॉगच्या पहिल्या ओळींत दिसतं. तेवढं वाचायला मिनिटही लागत नाही.

काही स्टुडिओंत कोपऱ्यात विंडोज ७वालं एखादं मशीन अजून जिवंत आहे, बहुतेक वेळा मिनीडीव्ही टेप उतरवण्यासाठी, कारण जुना कॅमेरा जोडायचं फायरवायरचं कार्ड त्यातच चालतं. हँडब्रेक १.४ला विंडोज १० लागतं, म्हणजे त्या मशीनवर १.३.३च्या पुढे जाता येणार नाही. असू दे. ते मशीन टेपपुरतंच ठेवा, नेटची केबल काढा, उतरवलेल्या फाइली कन्व्हर्ट करायला दुसऱ्या मशीनवर न्या, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह कितीही घाई असली तरी त्याला लावू नका.